प्रवचन संपल्यावर : इंग्लंडमधील ग्रामीण पॅरिश आणि तिची गाऱ्हाणी

रविवारची पहिली मिस्सा आटोपली की आमच्या चर्चच्या पायऱ्यांवर आणखी एक सभा भरते. तिला ना अध्यक्ष असतो, ना विषयपत्रिका. कुणाच्या आळीतला दिवा महिनाभर बंद आहे, कुणाच्या घरामागची मोरी तुंबली आहे, कुणाच्या आईचे नाव शिधापत्रिकेवरून गळाले आहे. आणि अलीकडच्या पावसाळ्यांत तर एकच गाऱ्हाणे पुन्हा पुन्हा कानी येते, ते म्हणजे वाडीतले बावखल बुजवल्यापासून पाणी ओट्यावर चढते. ही सारी गाऱ्हाणी अखेर जाऊन पोहोचतात ती अंगावरचा झगाही अद्याप न उतरवलेल्या फादरांपाशी. फादर शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "बाबांनो, माझ्याकडे ना शिक्का, ना कुदळ. मी काय करू?" मागे एका वयोवृद्ध मावशीने त्यांना दिलेले उत्तर आम्ही विसरलो नाही. ती म्हणाली, "फादर, तुम्ही काही करू नका. पण सांगायचे कुणाला, तेवढे तरी सांगा."

हा प्रश्न मनात घेऊन आम्ही इतिहासाची पाने चाळू लागलो, तेव्हा लक्ष गेले ते इंग्लंडच्या खेड्यापाड्यांकडे. तेथे राज्यकारभाराच्या सर्वांत खालच्या पायरीचे नाव आजही 'पॅरिश कौन्सिल' असे आहे. तिचा चर्चशी कायद्याने काडीमात्र संबंध उरलेला नाही; नाव मात्र चर्चचेच राहिले. मूळ ग्रीक शब्द 'परोइकिया'. त्याचा अर्थ शेजारी राहणे, परक्या गावी मुक्काम करून असणे. आपण मराठीत त्याला धर्मग्राम म्हणतो, आणि हा शब्द घडवणाऱ्याने नकळत इंग्लंडचा सारा इतिहास दोन अक्षरसमूहांत बसवून ठेवला आहे. तेथे सुमारे तीनशे वर्षे ग्रामाचा संसार धर्माच्या आधाराने चालला. मग कायद्याने दोघांची वाटणी केली. ही कथा कॅथलिक वाचकाने आपुलकीने वाचावी तशीच सावधपणेही वाचावी, कारण तिच्या पहिल्या अंकात आपले पूर्वसुरी घरचे यजमान आहेत आणि दुसऱ्या अंकात तेच आरोपी म्हणून उभे आहेत.

डेव्हन परगण्यात, एक्समूरच्या माळरानाच्या दक्षिण कडेला मोरबाथ नावाचे खेडे आहे. सोळाव्या शतकात तेथे उणीपुरी तेहतीस कुटुंबे होती. १५२० साली तेथे सर ख्रिस्टोफर ट्रिकी नावाचे धर्मगुरू आले ('सर' हे त्याकाळी धर्मगुरूंना लावण्याचे साधे उपपद होते), ते १५७४ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. चोपन्न वर्षे एकच माणूस, एकच वेदी, आणि त्याच्या हातची एकच हिशेबाची वही. या वहीवरून केंब्रिजचे इतिहासकार इमन डफी यांनी २००१ साली 'द व्हॉइसेस ऑफ मोरबाथ' हा ग्रंथ लिहिला आणि एक विस्मृत खेडे जगाच्या नकाशावर आले.

या हिशेबाचे वैशिष्ट्य असे की तो वाचण्यासाठी नव्हे, ऐकवण्यासाठी लिहिलेला आहे. वर्षाकाठी सारा गाव जमे आणि फादर मोठ्याने वाचून दाखवत : अमक्याकडे मंदिराच्या इतक्या मेंढ्या, त्यांपैकी एक दगावली, लोकरीचे इतके पैसे जमा, तमक्याने इतके देणे बाकी. मंदिराचा उत्पन्नाचा आधार म्हणजे ह्या मेंढ्याच होत्या. मेंढरे संतांच्या नावाची, चरत मात्र गावकऱ्यांच्या कळपांत. संत जॉर्ज, पवित्र मरिया, संत सिडवेल यांच्या नावे निरनिराळे निधी असत. तरुणांचा एक निधी, कुमारिकांचा एक निधी. त्यांचे कारभारी दरवर्षी बदलत आणि पाळी घराघराने फिरे. त्यामुळे विधवेच्या घरी पाळी आली तर कारभार तीच पाही. आपल्याकडे सणाच्या जेवणाचा हिशेब वाचताना कसा सगळ्यांचा कान टवकारलेला असतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मोरबाथची ती सभा डोळ्यांसमोर उभी करणे जड जाणार नाही. तिथेही भांडणे होत. मंदिराच्या सेवकाचे वेतन कोणी किती द्यायचे यावरून गाव काही काळ दुभंगले होते. पण ज्याचे गाऱ्हाणे त्याचा शेजारीच कारभारी, आणि पुढच्या वर्षी कदाचित गाऱ्हाणे करणाराच कारभारी, अशी ती रचना होती.

फादर ट्रिकींनी मृतांच्या मिस्सेसाठी काळे झगे घ्यावेत म्हणून वीसेक वर्षे पै-पै जमवली. झगे आले आणि लवकरच राजाज्ञेने तसली उपासनाच बंद पडली. १५४९ साली नवे इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे झाले तेव्हा डेव्हन आणि कॉर्नवॉल पेटून उठले. मोरबाथनेही आपले पाच तरुण सज्ज करून एक्झेटरजवळच्या बंडखोरांच्या छावणीत धाडले. बंड चिरडले गेले. पुढे राणी मेरीच्या काळात जुनी उपासना परतली तेव्हा लोकांनी घरोघरी दडवून ठेवलेल्या मंदिराच्या वस्तू एकेक करून आणून दिल्या, आणि फादरांनी त्यांचीही नोंद केली. त्यानंतर एलिझाबेथ राणीच्या काळात सारे पुन्हा उलटले. फादर ट्रिकी मात्र गावातच राहिले. त्यांनी नवी व्यवस्था स्वीकारली. त्यांना दोष देणे सोपे आहे. तेहतीस घरे सोडून जायचे कुठे, हा प्रश्न आम्हांला अधिक खरा वाटतो.

मोरबाथची ही रीत राजसत्तेच्या नजरेतून सुटली नाही. गावोगावी लोकांना एकत्र आणणारी, हिशेब ठेवणारी, दर रविवारी न चुकता भरणारी एक यंत्रणा आयती उभी होती. ट्यूडर राजांनी तिच्या खांद्यावर एकेक ओझे ठेवायला आरंभ केला. १५३८ साली थॉमस क्रॉमवेलने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवण्याचा आदेश दिला. १५५५ साली रस्त्यांचा कायदा आला. त्या कायद्यान्वये ईस्टरच्या आठवड्यात गावकऱ्यांनी जमून दोन रस्ते-निरीक्षक निवडायचे. ईस्टरनंतरच्या रविवारी मंदिरात दिवस जाहीर करायचे. आणि संत योहान बाप्टिस्टाच्या सणाआधीच्या त्या चार दिवशी प्रत्येक घराने रस्त्यावर फुकट श्रम करायचे. ज्याच्याकडे बैलगाडी त्याने गाडी आणायची, ज्याच्याकडे काही नाही त्याने फावडे घेऊन यायचे. १५६३ साली चाराचे सहा दिवस झाले. ही वेठ जवळजवळ पावणेतीनशे वर्षे, म्हणजे १८३५ सालच्या कायद्यापर्यंत चालली.

यातला आमच्या विषयाशी सर्वांत जवळचा भाग पुढचाच आहे. रस्त्यालगतचे कुंपण कोणी वाढू दिले, गटार कोणी उपसले नाही, वाटेवर कोणी राडारोडा टाकला, हे निरीक्षकाने फिरून पाहायचे आणि पुढच्या रविवारी प्रवचन संपताच भर मंदिरात उभे राहून कसूर करणाऱ्याचे नाव पुकारायचे, असा त्याच्या कर्तव्याचा एक भाग होता. नाव घेतल्यापासून तीस दिवसांची मुदत. तेवढ्यात दुरुस्ती झाली नाही तर निरीक्षकाने ती स्वतः करायची आणि खर्च त्या माणसाकडून वसूल करायचा. विचार करा, निरीक्षक कोण? तोही गावातलाच एक शेतकरी, वर्षभरासाठी बिनपगारी नेमलेला, बहुधा मनाविरुद्ध. ज्याचे नाव पुकारायचे तो पुढच्याच बाकावर बसलेला. पुढच्या वर्षी कदाचित तोच निरीक्षक व्हायचा. कितीजणांनी हे धैर्य केले असेल कोण जाणे. बरेचसे निरीक्षक आपले वर्ष कसेबसे ढकलत आणि रस्ते चिखलातच राहत, अशी इतिहासकारांची साक्ष आहे. पण "सांगायचे कुणाला" हा प्रश्न त्या गावात कुणाला पडत नसे.

१६०१ च्या प्रसिद्ध गरीब-कायद्याने हीच चौकट अधिक पक्की केली. दरवर्षी ईस्टरच्या सुमारास दोन ते चार घरमालकांना गरिबांचे पर्यवेक्षक नेमायचे. त्यांनी मंदिराच्या कारभाऱ्यांसह, म्हणजे चर्चवॉर्डनांसह, महिन्यातून निदान एकदा रविवारी दुपारी उपासनेनंतर मंदिरातच भेटायचे. गावावर कर बसवायचा. आणि त्यातून आंधळे-पांगळे, वृद्ध, अनाथ यांची सोय लावायची. आज वृद्धापकाळाचे अनुदान, शिधा, दवाखाना यांसाठी वेगवेगळ्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. त्याकाळी हे सारे रविवारच्या दुपारी एका छताखाली होते. ही बैठक ज्या खोलीत भरे ती धर्मगुरूंचे पोशाख ठेवण्याची, आपण जिला सॅक्रिस्टी म्हणतो ती. इंग्रजीत तिचे नाव व्हेस्ट्री. त्यावरून गावसभेलाच व्हेस्ट्री म्हणू लागले. कागदपत्रे ठेवण्यासाठी मंदिरात एक भक्कम पेटी असे. १६०३ च्या चर्च-नियमांनुसार तिला तीन कुलपे. एक किल्ली धर्मगुरूंकडे, उरलेल्या दोन दोघा चर्चवॉर्डनांकडे. तिघे एकत्र आल्याशिवाय पेटी उघडायची नाही. आपल्या कित्येक संस्थांना ह्या तीन कुलपांची आठवण करून द्यावीशी वाटते, पण तो विषय वेगळा.

आणखी एक प्रथा येथे सांगितली पाहिजे. स्वर्गारोहणाच्या सणाआधीच्या तीन दिवसांत, शेतीला आशीर्वाद मागण्याच्या मिरवणुकीत, सारा गाव पॅरिशच्या सीमेवरून चालत जाई. बरोबर लहान मुलांना नेत आणि प्रत्येक सीमाशिळेवर त्यांना आपटत, कधी छडीचा प्रसादही देत. हेतू हा की पन्नास वर्षांनी तंटा झाला तर त्या म्हाताऱ्याला शिळा नेमकी कुठे होती ते आठवावे. जबाबदारी कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे पायांनी आणि पाठीने शिकवण्याची ही रीत! आपल्याकडे नाला ह्याच्या हद्दीत की त्याच्या, यावर दोन खात्यांत वर्षभर पत्रव्यवहार चालतो, तेव्हा त्या मुलांची आठवण होते.

आता त्या कथेची काळी बाजू. जो कान गटाराचे गाऱ्हाणे ऐकतो तोच कान शेजाऱ्याची चहाडीही ऐकतो. चर्चवॉर्डनांनी ठराविक काळाने वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांकडे लेखी अहवाल द्यायचा असे. छप्पर गळते, दफनभूमीचे कुंपण पडले आहे, पवित्र शास्त्राची प्रत फाटली आहे, असे त्यात लिहिलेले असे. आणि त्याच कागदावर, त्याच शाईने, अमका अमकीपाशी राहतो, तमका रविवारी उपासनेला येत नाही, हेही. १५५९ च्या कायद्याने गैरहजेरीला दर खेपेस बारा पेन्स दंड ठेवला. तो चर्चवॉर्डनांनी वसूल करून गरिबांसाठी वापरायचा. १५८१ साली दंड महिन्याला वीस पौंडांवर गेला. ही रक्कम भल्याभल्या जमीनदारांना देशोधडीला लावणारी होती. दंड भरणारे बव्हंशी कॅथलिक होते. ज्या मंदिरात त्यांच्या आजोबांनी मेंढ्या आणि मेणबत्त्या दिल्या, त्याच मंदिरातून त्यांची नावे वर कळवली जात होती. आणि कळवणारा कुणी परका शिपाई नव्हता, तर शेजारचाच शेतकरी होता. काही शेजाऱ्यांनी डोळेझाक केली हेही खरे. पुढे शतकानुशतके, आपण कधी न चढलेल्या मंदिराच्या डागडुजीचा कर कॅथलिकांना भरावा लागला. ती सक्ती १८६८ साली संपली. इंग्लंडमध्ये कॅथलिक महागुरूंची परंपरा १८५० साली पुन्हा प्रस्थापित झाली, तरी तेथील कॅथलिक ठाणी दीर्घकाळ 'मिशन' म्हणूनच ओळखली जात. ज्यांनी तो शब्द त्या भूमीत रुजवला त्यांच्या वारसांना आपल्या वस्तीला 'पॅरिश' म्हणता यायला विसावे शतक उजाडावे लागले.

दुसरी काळी बाजू गरिबांची. पॅरिशने आपल्याच गरिबांना पोसायचे, तर 'आपला' कोण? १६६२ च्या वसाहत-कायद्याने परक्या गावचा माणूस पुढे आपल्यावर भार होईल अशी नुसती शंका आली तरी त्याला मूळ गावी पाठवण्याचा अधिकार दिला. बाळंतपणाला टेकलेल्या निराधार स्त्रीला हद्दीपलीकडे नेऊन सोडण्याची घाई होई, कारण मूल ज्या गावात जन्मेल त्या गावाचे होई. १६९७ च्या कायद्याने मदत घेणाऱ्या प्रत्येकाच्या उजव्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडाचे 'पी' हे अक्षर आणि गावाचे आद्याक्षर शिवण्याची सक्ती केली. ती १८१० साली उठली. परक्या गावी मुक्काम करून असणे असा ज्या शब्दाचा मूळ अर्थ, त्याच शब्दाच्या नावाने परक्याला हाकलले जात होते.

एकोणिसाव्या शतकात ही जुनी इमारत खिळखिळी झाली. १८१८ च्या कायद्याने व्हेस्ट्रीत श्रीमंतांना मालमत्तेच्या प्रमाणात सहापर्यंत मते दिली. मजुराला बोलण्याचे धैर्यच उरले नाही. १८३४ साली गरिबांची व्यवस्था पॅरिशकडून काढून अनेक पॅरिशींच्या संघाकडे आणि त्याच्या कामगृहाकडे सोपवण्यात आली. मदत महाग पडते म्हणून ती दूर नेली. आणि ती दूर गेली तसा ऐकणारा कानही दूर गेला. हॅम्पशरमधील अँडोव्हरच्या कामगृहात खतासाठी हाडे फोडणारे भुकेले लोक त्याच हाडांना चिकटलेले कुजके मांस ओरबाडून खात होते. ही गोष्ट १८४५ साली तेथल्याच एका पंचाने तोंड उघडले म्हणून बाहेर आली. जुन्या पॅरिशमध्ये गरिबाचा अपमान होई, पण तो उपाशी आहे हे गावाला ठाऊक असे.

जोसेफ आर्च हा १८२६ साली वॉरिकशरमधील बारफर्ड या खेड्यात जन्मलेला शेतमजुराचा मुलगा. पुढे त्याने १८७२ साली शेतमजुरांची संघटना उभारली आणि तो पार्लमेंटवरही निवडून गेला. आपल्या आत्मचरित्रात त्याने बालपणीची एक आठवण सांगितली आहे. सातेक वर्षांचा असताना त्याने मंदिराच्या दाराच्या किल्लीच्या भोकातून आत पाहिले. प्रभुभोजनासाठी आधी जमीनदार उठला, मग शेतकरी, मग दुकानदार आणि कारागीर. सर्वांत शेवटी, अंतर राखून, मजूर. त्या मजुरांत त्याचे वडीलही होते. त्या क्षणी मुलाने मनाशी काय ठरवले ते त्याच्या पुढच्या आयुष्याने दाखवून दिले. जेथे ख्रिस्तप्रसादालाही रांग प्रतिष्ठेप्रमाणे लागत होती, तेथे व्हेस्ट्रीत मजुराची मोरी कोणाच्या आधी उपसली जात असेल हे सांगायला नको.

म्हणून १८९४ सालचा कायदा मोठा. त्याने तीनशे किंवा अधिक वस्तीच्या प्रत्येक ग्रामीण पॅरिशला निवडलेली कौन्सिल दिली आणि सर्व मतदारांची पॅरिश-सभा दिली. धर्मगुरूंचे अध्यक्षपद हक्काचे राहिले नाही. हवे तर त्यांनीही निवडून यावे. मत देण्याचा आणि निवडून येण्याचा हक्क स्त्रियांनाही मिळाला, मग ती विवाहित असो वा अविवाहित. पार्लमेंटसाठीचे मत तिला मिळायला अजून चोवीस वर्षे होती. वृद्ध पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचे कॉमन्स सभागृहातले अखेरचे भाषण, १ मार्च १८९४ रोजीचे, ह्याच विधेयकात लॉर्डांनी केलेल्या फेरफारांविषयी होते. साठ वर्षांहून अधिक काळ साम्राज्याच्या उलाढाली पाहिलेल्या माणसाने निरोप घेतला तो खेड्याच्या सभेवर बोलून!

त्या मंत्रिमंडळात वसाहत-मंत्री म्हणून एक गृहस्थ बसले होते, त्यांचे नाव आपल्या परिचयाचे आहे : लॉर्ड रिपन. १८७४ साली त्यांनी कॅथलिक धर्म स्वीकारला तेव्हा इंग्लंडात केवढी खळबळ उडाली! त्याच वर्षी ग्लॅडस्टन यांनी कॅथलिकांच्या राजनिष्ठेवर शंका घेणारी पुस्तिका लिहिली; पण १८८० साली त्याच ग्लॅडस्टननी त्यांना हिंदुस्थानचे व्हाइसरॉय म्हणून पाठवले. १८ मे १८८२ च्या रिपन यांच्या ठरावाने आपल्याकडील स्थानिक स्वराज्याचा पाया घातला. कारभार कदाचित आज अधिक चांगला होणार नाही, पण लोकांना राजकीय शिक्षण मिळेल, हा त्यातला विचार होता. मुंबई इलाख्यात १८८४ साली तालुका आणि जिल्हा लोकल बोर्डे आली, १९२० साली ग्रामपंचायतींचा कायदा आला, आणि स्वातंत्र्यानंतर १९५८ चा. रिपन यांच्या ठरावावर त्यांच्या नव्या श्रद्धेचा ठसा होता असे आम्ही म्हणणार नाही. त्याला पुरावा नाही. परंतु ज्यांच्या पूर्वजांची नावे पॅरिशच्या कागदावरून वर कळवली गेली त्यांच्या मंडळीत सामील झालेल्या माणसाने येथे गावाला आवाज द्यावा, हा योग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

१८९४ च्या कायद्यातील दोन बारीक कलमे आम्हांला विशेष आवडली. एक असे की, दुसरी सोयीची जागा मिळत असेल तर पॅरिशची सभा दारूच्या गुत्त्यात भरवू नये. त्यामुळे ती बहुतेक ठिकाणी शाळेत भरू लागली. दुसरे कलम सोळावे. गावाला सांडपाण्याचे गटार नाही, पिण्याचे पाणी आरोग्याला घातक आहे, किंवा रस्ता नादुरुस्त आहे आणि ग्रामीण जिल्हा कौन्सिल काही करत नाही, असे वाटल्यास पॅरिश कौन्सिलने ठराव करून थेट परगण्याच्या कौन्सिलकडे तक्रार करावी. मग परगण्याने ते काम स्वतःकडे घ्यावे किंवा कुणाची तरी नेमणूक करून करवून घ्यावे. कौन्सिलच्या हाती पैसा थोडा होता. गावाच्या संमतीशिवाय पौंडामागे तीन पेन्स, संमतीने सहा. रस्ता तिचा नव्हता, नळ तिचा नव्हता. पण गाऱ्हाणे कोठे न्यायचे आणि तेथे दाद लागली नाही तर त्यावर कोठे, हे कायद्याच्या पुस्तकात छापलेले होते.

विसाव्या शतकात तिचे हात आणखी आखडले. १९२९ च्या कायद्याने ग्रामीण रस्ते परगण्याकडे गेले. शहरी विद्वान 'पॅरिशच्या पंपाचे राजकारण' म्हणून तिची टर उडवीत. पण १९४९ च्या कायद्यानुसार देशभरातील पायवाटांचा नकाशा करायचे ठरले, तेव्हा ही वाट कुणाच्या वहिवाटीची, कुठल्या शेतातून जाते, कुठे कोणी फाटक घालून अडवली, हे सांगायला पॅरिशचीच माणसे लागली. शाळामास्तर, शेतकरी, गृहिणी पायपीट करून वाट न् वाट नोंदवत गेल्या. सीमाशिळेवर आपटलेल्या मुलांचा वारसा असा उपयोगी पडला.

इंग्लंडमध्ये आज अशा सुमारे दहा हजार कौन्सिली आहेत. त्यांची कामे लहान : मुलांचे क्रीडांगण, दफनभूमी, बसथांबा, भाजीपाल्याचे वाफे, गावाचे सभागृह. दूरध्वनीच्या लाल पेट्या निरुपयोगी झाल्या तेव्हा २००८ पासून कित्येक गावांनी त्या एकेका पौंडाला विकत घेतल्या आणि कुणी त्यात पुस्तके ठेवली, कुणी हृदयक्रिया सुरू करण्याचे यंत्र. रस्त्यातल्या खड्ड्यासाठी परगणा, कचऱ्यासाठी जिल्हा, पाण्यासाठी कंपनी. तेथील खेडूतही ह्या भूलभुलैयात चकतो. पण गावात क्लार्क म्हणून एक पगारी व्यक्ती असते, तिचे नाव फलकावर असते, सभेची विषयपत्रिका पूर्ण तीन दिवस आधी त्याच फलकावर लागते, आणि खड्डा आपला नसला तरी तो कोणाचा हे सांगणे क्लार्क आपले काम समजते. (ह्या 'पॅरिश क्लार्क' पदाचा मूळ धनी म्हणजे मंदिरात उपासनेला साथ देणारा सेवक. संत थॉमस मोर राज्याचे लॉर्ड चॅन्सलर असताना चेल्सीच्या मंदिरात गायकवृंदात झगा घालून उभे राहत. ते पाहून नॉरफकच्या ड्यूकने राज्याचा एवढा मोठा अधिकारी आणि पॅरिशचा क्लार्क, म्हणून नाक मुरडले होते. मोर यांना त्यात काही कमीपणा वाटला नाही.)

आपल्याकडे हा फलक कोठे आहे? वसईत २००९ साली महानगरपालिका आली आणि चार नगरपालिकांबरोबर अनेक ग्रामपंचायती तिच्यात विरून गेल्या. पश्चिम पट्ट्यातील गावे त्याविरुद्ध रस्त्यावर उतरली. काही गावे वगळण्याचा निर्णय शासनाने २०११ साली घेतला, आणि मग ते प्रकरण वर्षानुवर्षे न्यायालयात अडकून राहिले. त्या वादात कोणाची बाजू बरोबर हा ह्या लेखाचा विषय नाही. ग्रामपंचायत फार कार्यक्षम होती असा आमचा दावाही नाही. तिच्या कारभाराच्या तक्रारी आम्हीच ह्याच पायऱ्यांवर ऐकल्या आहेत. पण सरपंचाचे घर ठाऊक होते. त्याच्या आईला आपण मावशी म्हणत होतो. ग्रामसभेत त्याला तोंडावर विचारता येत होते. आता बावखलासाठी एका कचेरीत गेलो तर तेथून दुसऱ्या कचेरीत पाठवतात. दुसरीकडे सांगतात की जमिनीची नोंद तिसरीकडे पाहा. माणसे वाईट नाहीत, काही तर तळमळीची आहेत, पण त्यांची नावे आपल्याला ठाऊक होईपर्यंत त्यांची बदली होते.

धर्मगुरूंनी हे काम अंगावर घ्यावे, असे आम्ही इतिहास वाचल्यानंतर तरी म्हणणार नाही. वेदीवरून नावे पुकारण्याची सत्ता कोठवर जाते ते आपल्या इंग्रज धर्मबंधूंनी भोगले आहे. शिवाय आपल्या आळ्यांत आता इतर धर्मांचे, दूरच्या प्रांतांतून आलेले शेजारी आहेत. मोरीचे पाणी त्यांच्याही घरात शिरते, आणि ते रविवारी आपल्या पायरीवर नसतात.

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील काही प्रापंचिकांनी फादरांशी बोलून एक साधी गोष्ट केली. चर्चच्या आवारात नव्हे, तर रस्त्याकडेच्या क्रुसाजवळच्या किराणा दुकानात, जेथे सगळेच येतात, तेथे एक जाड वही ठेवली. पानावर पाच रकाने आखले : तारीख, गाऱ्हाणे, कोणत्या कचेरीत दिले, कोणी नेऊन दिले, उत्तर काय आले. शेजाऱ्याचे नाव लिहायचे नाही, जागा तेवढी लिहायची, एवढा एकच नियम. महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात ती मोठ्याने वाचली जाते. वही न्यायचे काम दर महिन्याला वेगळ्या घराकडे जाते. मागच्या महिन्यात ते आमच्याकडे होते, आणि दोन कचेऱ्यांत मिळून आमचे तीन दिवस गेले. दिव्यांची चार गाऱ्हाणी मिटली. शिधापत्रिकेचे एक मिटले. पहिल्या पानावरची पहिली नोंद त्या मावशीची आहे, बावखलाची. तिचे चार रकाने भरले आहेत आणि चौथ्यात एकाखाली एक सात नावे आहेत. पाचवा रकाना अजून कोरा आहे. येत्या रविवारी वही आठव्या घरी जाईल.